गजबजलेल्या सरोवरातील एकटे शीड

एकट्याने शिडाची होडी हाकणे म्हटले, की अथांग सागर डोळ्यांपुढे उभा राहतो. नौदलातील अधिकारी दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये, गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’ या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. असे करणारे ते पहिले भारतीय. अशा प्रवासात दिवसचे दिवस दुसरे शीड दृष्टीस पडत नाही. परंतु एकट्याच्या नौकानयनाचा दुसराही एक प्रकार आहे, आणि तो सामान्य माणसाच्या आवाक्यातील आहे. सकाळी निघावे, वर्दळीच्या सरोवरात दिवसभर फिरावे आणि सायंकाळी आपल्याच हातांनी होडी धक्क्याला लावावी. येथे एकांताची परीक्षा नसते. चहूकडे माणसे असताना स्वतःच्या जबाबदारीवर नीट वागण्याची असते.

या प्रकाराचे उत्तम उदाहरण म्हणजे इंग्लंडच्या वायव्येकडील विंडरमिअर सरोवर. लांबी सुमारे १७ किलोमीटर, रुंदी मात्र अधिकात अधिक दीड किलोमीटरच्या आसपास. डोंगरांच्या कुशीतील या अरुंद जलपट्टीत १८ बेटे आहेत. मध्यभागी बोनेस हे गजबजलेले गाव. तेथून उत्तरेस अँबलसाइडकडे आणि दक्षिणेस लेकसाइडकडे प्रवासी बोटींची ये-जा चालते. गावाच्या किंचित दक्षिणेला लोखंडी दोरखंडांच्या आधाराने इकडून तिकडे मोटारी नेणारी तर आहे. भाड्याच्या वल्ह्यांच्या होड्या, मोटरबोटी, पोहणारे हौशी आणि त्यांच्यामधून वाट काढणारी शिडे, असा उन्हाळ्यातील सुटीच्या दिवशीचा देखावा असतो.

एवढ्या गर्दीत वेग कोणाचा मानावयाचा, हा प्रश्न तेथे अनेक वर्षे वादाचा झाला होता. वेगाची ओढ या सरोवराला जुनीच. १९३० साली सर हेन्री सीग्रेव्ह यांनी येथेच जलवेगाचा जागतिक विक्रम केला आणि त्याच दिवशी नौका उलटून झालेल्या अपघातात त्यांचा अंत झाला. पुढे वेगवान मोटरबोटी आणि त्यांच्यामागे फळ्यांवरून घसरत जाण्याचा खेळ यांनी सरोवर भरून गेले. ताशी १० मैलांची, म्हणजे सुमारे १६ किलोमीटरची, वेगमर्यादा घालण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा या खेळावर पोट असलेल्या स्थानिक व्यावसायिकांनी विरोध केला. तो समजण्याजोगा होता. ज्याचा गल्ला गिऱ्हाइकावर भरतो, त्याला एका नियमाने हंगाम बुडण्याची धास्ती वाटणारच. अखेर २००० साली नियमास मान्यता मिळाली, परंतु त्याची अंमलबजावणी २००५ पर्यंत लांबवून व्यवसायांना सावरण्यास पाच वर्षे देण्यात आली. धंदा बदलण्यास अवधी मिळाला आणि एकट्याने होडी हाकणाऱ्यास पाण्यावर जागा मिळाली.

अशा पाण्यात उतरणाऱ्या एकट्या माणसाचे पहिले काम किनाऱ्यावरच सुरू होते. होडीत दुसरे कोणी नसल्यामुळे सुकाणू, शिडाची दोरी आणि पहारा ही तिन्ही कामे त्याच्याकडेच असतात. म्हणून वारा जोराचा दिसला, तर शीड धक्क्यावरच आखडून घ्यावे. भर पाण्यात, झोताच्या तडाख्यात ते करणे एकट्याला जड जाते. आपण कोठे जाणार आणि किती वाजता परतणार, हे किनाऱ्यावरील एका माणसास सांगून ठेवावे. तरंगते जॅकेट धक्क्यावरच अंगात चढवावे. तेथील पाणी वसंत ऋतूतही इतके थंड असते, की पोहता येते एवढ्या भरवशावर राहू नये.

यानंतर दिशा ठरवावयाची. तेथे वारा बहुधा नैर्ऋत्येकडून येतो आणि दरीच्या आकारामुळे सरोवराच्या लांबीला धरून वाहू लागतो. पाठीशी वारा घेऊन उत्तरेस जाणे सुखाचे. होडी आपोआप पळते आणि वारा आहे त्याहून मंदही भासतो. परंतु परत फिरताना तोच वारा तोंडावर येतो. शिडाची होडी वाऱ्याच्या थेट समोर जाऊ शकत नाही. तिला दोन्ही बाजूंस सुमारे ४५ अंश तिरपे, नागमोडी जावे लागते. १ किलोमीटर पुढे सरकण्यास किमान १.४ किलोमीटर अंतर कापावे लागते, आणि तेही कमी वेगाने. आयुष्य बँकेत गेल्यामुळे मला यात कर्जाचे गणित दिसते. उचल करताना श्रम जाणवत नाहीत. परतफेडीस मात्र मुद्दलाहून अधिक द्यावे लागते. म्हणून जाणते लोक सकाळी ताजेतवाने असताना वाऱ्याविरुद्ध जातात आणि थकल्यावर वाऱ्याबरोबर घरी येतात.

सर्वांत शिकण्यासारखे आहेत ते एकमेकांस वाट देण्याचे नियम. दोन शिडे समोरासमोर आली, तर ज्याच्या डाव्या बाजूने वारा येत असेल, त्याने बाजूस व्हावे. दोघांचा वारा एकाच बाजूचा असेल, तर वाऱ्याकडील होडीने वाट द्यावी. मागून येऊन पुढे जाणाऱ्याने अंतर राखावे. सामान्यतः मोटरबोटीने शिडास वाट द्यावी. मात्र या नियमांत एक मर्म आहे: ज्याला हक्क आहे, त्याच्यावरही बंधन आहे. त्याने आपली दिशा व वेग कायम ठेवावा, म्हणजे समोरच्यास त्याचा अंदाज येतो. आणि समोरच्याच्या एकट्याच्या प्रयत्नाने धडक टळणार नाही असे दिसताच, हक्क बाजूस ठेवून ती टाळावी. मोठी प्रवासी बोट चटकन वळत नाही. दोरखंडाला बांधलेल्या तरीस तर वळताच येत नाही. त्यांच्यापुढे हक्क सांगत बसण्यात शहाणपण नाही. पहारा ठेवणारा जोडीदार नसल्याने शिडाआडची बाजूही वाकून पुनःपुन्हा स्वतःच पाहावी लागते. आंधळी बाजू म्हणून कोणी सूट देत नाही.

आपल्या व्यापारी घरांत मुलास एक दिवस दुकान एकट्याने सांभाळावयास देतात. तो दिवस कधी द्यावा, हे वडीलधारी माणसे विचारपूर्वक ठरवितात. कारण लवकर दिला तर नुकसान होते आणि कधीच दिला नाही तर मूल उभे राहत नाही. आज आपली मुले-मुली देशोदेशी शिकतात, नौकानयनासारख्या छंदांकडे वळतात आणि “एकट्याने जाऊ का?” असे दूरध्वनीवर विचारतात. भीतीपोटी नकार देणे सोपे आहे, आणि कौतुकापोटी होकार देणे त्याहून सोपे. त्याऐवजी तीन गोष्टी विचाराव्यात. उलटलेली होडी तू स्वतः सरळ करून दाखविली आहेस का? परतण्याची वेळ कोणास सांगितली आहेस? आणि हक्क तुझा असताना तू कधी वाट सोडली आहेस का? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे प्रशिक्षणाने मिळतात. तिसऱ्याचे उत्तर मात्र मुलाने घरात, दुकानात आणि बाजारात आपणांस पाहूनच शिकलेले असते.