मोटारसायकल घ्यावी खोडवा बघून

सभासद बंधू-भगिनींनो,

उसाचे बिल बँकेत जमा झाले की गट ऑफिसात आमच्यापुढे दोन प्रश्न हमखास येतात. पहिला, पुढच्या लागणीला बेणे कुठले धरायचे. दुसरा, "साहेब, गाडी कुठली घेऊ?" पहिल्या प्रश्नासाठी कारखान्याने आम्हाला नेमले आहे, दुसऱ्यासाठी नाही. आम्ही शेतकी पदविकेची माणसे, मेस्त्री नव्हे. पण ऊस नोंदी, माती नमुने, बेणेमळ्याची पाहणी, तोडणी कार्यक्रम या निमित्ताने वीस वर्षे आम्ही रोज पन्नास-साठ किलोमीटर मोटारसायकलवरच आहोत. डांबरी, पाणंद, कॅनॉलचा रस्ता, सगळे तुडवून झाले आहे. त्या अनुभवावर हे चार शब्द.

मागच्या हंगामात एका सभासदाने आम्हाला बांधावर गाठले. अडीच एकर ऊस, दोन म्हशी. मुलगा तालुक्याच्या गावी नोकरीला लागलेला, जाऊन-येऊन चाळीस किलोमीटर. म्हणाले, "साहेब, पोरगं दोनशे सीसीची म्हणतंय. बिल आलंय, देऊन टाकू का?"

आम्ही म्हटले, "आबा, बेणे निवडताना तुम्ही काय बघता?"

"जमीन बघतो, पाणी बघतो. आन् खोडवा कसा येतो ते बघतो."

"मग गाडी नुसती रंग बघून का घेता?"

आबा हसले. पण आमचे म्हणणे खरेच तेवढे आहे. को ८६०३२ ही जात आपल्या शिवारात इतकी वर्षे टिकली, ती खोडवा चांगला देते म्हणून. मोटारसायकलचाही खोडवा असतो. पहिली दोन वर्षे कुठलीही गाडी चांगलीच चालते. हप्ते फिटल्यावर चौथ्या-पाचव्या वर्षी ती कशी चालते, किती खाते, गावातल्या मेस्त्रीला उलगडते का, हा तिचा खोडवा. निवड त्यावर करावी.

आधी काम, मग गाडी

दुकानात जाण्यापूर्वी घरी बसून कागदावर लिहा. रोज किती किलोमीटर? रस्ता कसला? मागे कोण बसणार? वैरणीचा भारा, दुधाची किटली, खताचे पोते यांतले काय न्यायचे? गाडी एकटा मुलगा चालवणार की घरातले तिघे?

शंभर-सव्वाशे सीसीच्या गाडीचे वजन साधारण एकशे दहा ते एकशे पंचवीस किलो भरते. साडेतीनशे सीसीची जड गाडी एकशे नव्वदच्या आसपास जाते. डांबरीवर हा फरक कळत नाही. पावसाळ्यात पाणंदीत चाक रुतले आणि आजूबाजूला माणूस नसला, म्हणजे कळतो. सीटवर बसल्यावर दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत. ओझे घेऊन चिखलात उभे राहताना टाचेखाली जमीन लागते, फुशारकी उपयोगी पडत नाही.

आपली काळी माती चिकट. पुढचे मडगार्ड चाकाला अगदी लागून असेल तर दोनशे पावलांत चिखल दाटतो आणि चाक फिरायचे थांबते. म्हणून मडगार्ड आणि टायर यांच्यात दोन बोटे तरी जागा आहे का, हे वाकून बघा. चेनला पूर्ण पत्र्याचे झाकण असलेली गाडी मिळाली तर उत्तम. उघडी चेन धूळ-चिखल खाते आणि चेन-स्पॉकेट लवकर जाते. चाके मोठी असावीत. सतरा-अठरा इंची चाक खड्डा ओलांडते, स्कूटरचे दहा-बारा इंची चाक त्यात उतरते. आमच्या भगिनींना डांबरीवर शाळेत, बँकेत जायला बिनगिअरची स्कूटर सोयीची, त्याबद्दल वाद नाही. पण रोजची पाणंद असेल तर विचार करावा.

तारेच्या चाकाची रिम वाकली तर गावात सरळ होते, पण त्यात बहुधा ट्यूब असते, पंक्चरला चाक खोलावे लागते. मिश्रधातूच्या चाकाला ट्यूबलेस टायर बसतो, पंक्चर जागच्या जागी निघते, पण जबर आपटले तर चाकाला तडा जाऊ शकतो. आपला रस्ता बघून ठरवा.

पेट्रोलचा हिशेब

पूर्वी राजदूत, येझदी, लुना होत्या. टू-स्ट्रोक इंजिने, पेट्रोलात ऑइल मिसळावे लागे. १९८५ साली हिरो होंडाची सीडी १०० आली आणि चार-स्ट्रोक इंजिनाच्या अ‍ॅव्हरेजने खेड्यापाड्याचा हिशेबच बदलला. १९९४ साली त्याच घराण्यातली स्प्लेंडर आली. तिचे सुटे भाग आजही कुठल्याही बाजारच्या गावात मिळतात. आम्ही कोणा कंपनीचे एजंट नव्हे. या वर्गातल्या इतर कंपन्यांच्या गाड्याही चांगल्या आहेत. मुद्दा भाग मिळण्याचा आहे.

आबांच्या मुलाचा हिशेब आम्ही बांधावरच मांडला. रोज ४० किलोमीटर, वर्षाचे ३०० दिवस, म्हणजे १२,००० किलोमीटर. पेट्रोल सोप्या हिशेबासाठी १०० रुपये लिटर धरू. लिटरला ६० किलोमीटर देणारी गाडी वर्षाला २०० लिटर, म्हणजे २०,००० रुपये खाईल. ३५ किलोमीटर देणारी सुमारे ३४३ लिटर, म्हणजे ३४,३०० रुपये. फरक वर्षाला चौदा हजारांचा. पाच वर्षांत सत्तर हजारांवर. टायर, ऑइल, विमा वेगळाच.

आता पेट्रोलमध्ये आपला ऊसही जळतो. २०२५ साली देशाने पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचा टप्पा गाठला. लिटरमागे इथेनॉलची उष्णता पेट्रोलपेक्षा सुमारे एक-तृतीयांशाने कमी, त्यामुळे अ‍ॅव्हरेज थोडे घटते, हे सभासदांपासून लपवण्याचे कारण नाही. जुनी गाडी असेल तर सर्व्हिसिंगच्या वेळी पेट्रोलची नळी आणि रबरी भाग तपासून घ्या. इथेनॉल ओल ओढते, म्हणून टाकीत तेच पेट्रोल महिनोन् महिने ठेवू नका.

हप्ता महिन्याला, बिल वर्षाला

नोकरदाराचा पगार महिन्याला येतो. आपला ऊस वर्षा-दीड वर्षाने तुटतो. गाडीचा हप्ता मात्र दर महिन्याच्या ठरल्या तारखेला. इथेच अनेक सभासद अडकतात आणि सोसायटीच्या पीककर्जातला पैसा हप्त्याकडे वळतो. मग खताची मात्रा चुकते आणि पुढचे टनेज घटते.

दुकानात "फक्त दहा टक्के व्याज" सांगतात, तेव्हा ते सपाट आहे की घटत्या शिल्लकीवर, हे विचारा. एक लाख रुपये, तीन वर्षे, सपाट १० टक्के म्हणजे व्याज ३०,००० आणि हप्ता ३,६११ रुपये. दर महिन्याला मुद्दल फिटत जात असताना व्याज मात्र पूर्ण लाखावर चालू राहते. घटत्या शिल्लकीने मोजले तर तो दर सुमारे १८ टक्के पडतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून साडेतीनशे सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, त्याचा फायदा घ्या. मात्र वाचलेल्या पैशात मोठी गाडी घेऊ नका, कर्ज कमी काढा.

रात्रीची गोष्ट

आता थोडे स्वतःचे सांगतो. काही वर्षांपूर्वी, ऐन हंगामात, जानेवारीतली रात्र. आम्ही तोडणीच्या फडावरून परतत होतो. समोरून ट्रकचा उजेड डोळ्यांवर आला आणि तो पलीकडे गेला तेव्हा आमच्यापुढे, भर रस्त्यात, भरलेली ट्रॉली पंक्चर होऊन उभी. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, नुसती उसाची टोके बाहेर आलेली. आमचा वेग चाळीसच्या आत होता. ब्रेक लागले, गाडी घसरली, खांदा ट्रॉलीवर आदळला. गळपट्टीचे हाड मोडले. हेल्मेटच्या काचेवर उसाच्या टोकाचा ओरखडा आहे, तो आम्ही अजून पुसलेला नाही. काच नसती तर तो कुठे उमटला असता, हे सांगायला नको.

ट्रॉली कोणाची ते लिहीत नाही. तोडणी कार्यक्रम आम्हीच देतो आणि तोपर्यंत ट्रॉलीची मागची बाजू आम्हीही कधी निरखली नव्हती.

वेग चाळीस असेल तर सेकंदाला अकरा मीटर जातो. ऐंशीला बावीस. ब्रेक लावल्यानंतर थांबायला लागणारे अंतर मात्र दुप्पट नव्हे, चौपट होते. म्हणून गाडी बघताना ती किती पळते यापेक्षा किती लवकर थांबते आणि दिवा किती लांब पडतो, हे बघा. एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना सव्वाशे सीसीपर्यंत दोन्ही चाकांचे जोडब्रेक आणि त्यावर एबीएस बंधनकारक झाले. जुनी गाडी घेणाऱ्याने ब्रेक आणि टायर आधी बघावेत, रंग नंतर. हेल्मेट आयएसआय छापाचे घ्यावे, मागे बसणाऱ्यालाही. आणि अठरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती किल्ली देऊ नये. २०१९ च्या कायदादुरुस्तीने त्यासाठी पालकाला किंवा गाडीमालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे.

घरच्यांना दुकानात न्या

आबांना आम्ही शेवटी एकच सांगितले. "गाडी बघायला पोराला न्या, पण आईलाही न्या. तिला मागे बसवून बघा."

ते घेऊन गेले. दोनशे सीसीच्या गाडीची मागची सीट उंच, आखूड आणि पुढे उतरती. माउलीला चढताच येईना. धरायची कडी हाताला लागेना. मुलगा बघत होता. तोच म्हणाला, "आईला दर आठवड्याला दवाखान्यात कसं न्यायचं?" पुढचे बोलणे आपोआप मिटले. शंभर सीसीची गाडी, साडीगार्ड आणि दोन हेल्मेट घेऊन तिघे घरी आले. महिनाभर पोरगं जरा घुमं होतं, असे आबा सांगतात. आता दर रविवारी स्वतः चेनला ऑइल घालतं.

सभासद बंधू-भगिनींनो, गाडी तुमची, पैसा तुमच्या घामाचा, निवडही तुमचीच. आमची विनंती एवढीच की गाडीची निवड बेण्यासारखी पारखून करा. आणि तुमच्या घरची ट्रॉली किंवा बैलगाडी ऊस वाहत असेल, तर यंदा मोळी टाकण्यापूर्वी तिच्या मागे लाल रिफ्लेक्टर लावून घ्या. खर्च फार नाही. त्याच रस्त्याने रात्री कोणाचा तरी मुलगा मोटारसायकलवरून घरी येत असतो.

आपला,
ऊस विकास अधिकारी