जनावर घेण्याआधी कुंपण बघा

व्यापारी बंधूंनो, दुकान बंद करताना आपण कुलूप दोनदा ओढून पाहतो. पण बकरी ईदसाठी उधारीवर घेतलेली वीस-पंचवीस बकरे-मेंढे घरामागे चार बांबूंच्या आडोशाला सोडून निर्धास्त झोपतो. भांडवल तर दोन्हीकडे सारखेच अडकलेले असते.

गणेशमूर्तींसाठी प्रसिद्ध असलेले जोहे पेण तालुक्यात आहे. भातकापणी झाली की घाटावरचे धनगर या बाजूला उतरतात आणि रिकाम्या शेतांत मेंढरे बसवतात. लेंडीखताच्या बदल्यात त्यांना धान्य किंवा पैसे मिळतात. रात्री ते कळपाभोवती वाघर, म्हणजे दोरीची जाळी, उभी करतात. पाळीव कुत्री असतात आणि एखादा माणूस जागा राहतो. उघड्या रानात कळप टिकतो तो या तीन गोष्टींमुळे.

आपल्या वस्तीत धोका असतो तो मुख्यतः मोकाट कुत्र्यांचा. टोळी आत शिरली तर एकाच जनावरावर थांबत नाही. दिसेल त्याला चावते. काही जनावरे कोपऱ्यात चेंगरूनच मरतात. वाचलेले लंगडे झाले किंवा त्याचा कान तुटला तर कुर्बानीसाठी गिऱ्हाईक मिळत नाही. चावलेल्या जनावराची जखम लगेच साबण-पाण्याने धुवावी आणि पशुवैद्याला दाखवावे, कारण पिसाळीचा रोग माणसालाही होतो.

म्हणून तारेची जाळी निदान पाच-सहा फूट उंच घ्यावी. कुत्रा खालून उकरतो, तेव्हा जाळीचा फूटभर भाग बाहेरच्या बाजूला जमिनीवर वळवून दगड-मातीने दाबावा. फाटकाखाली फट ठेवू नये. मेलेले जनावर, आतडी उघड्यावर टाकू नयेत. त्या वासानेच टोळी येते.

विष घालणे हा इलाज नव्हे, तो गुन्हा आहे. मोकाट कुत्र्यांची नसबंदी व लसीकरण ग्रामपंचायत-नगरपालिकेकडे मागावे. रानकुत्रा, लांडगा, बिबट्या यांना १९७२ च्या वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे. त्यांनी जनावर मारल्यास मृतदेह न हलवता ताबडतोब वनखात्याला कळवावे, म्हणजे पंचनामा होऊन भरपाई मागता येते. मोकाट कुत्र्यांनी केलेल्या नुकसानीला वनखात्याची ही भरपाई लागू नाही.

ऑस्ट्रेलियात डिंगो या रानटी कुत्र्यांपासून मेंढ्या वाचवण्यासाठी सुमारे ५,६०० किलोमीटर कुंपण आहे. तिथेही माणसे फिरून भोके बुजवतात. आपल्या पन्नास फुटांना रोज संध्याकाळी एक फेरी मारणे जड नाही. जनावराच्या भावात जाळीचा खर्च आधीच धरा. मग नफा मोजा.