खरेदी चोख, तर माल चोख



तान्हा पोळ्याला सिंदीत किती गर्दी होते, हे तुम्हाला सांगायला नको. अशा वेळी गटाने स्टॉल लावला आणि हळद-तिखटाची पाकिटं हातोहात गेली, तर आनंदच. पण एखादं पाकीट घरी उघडल्यावर कुबट निघालं तर? ती बाई पुढच्या वेळी कोणत्याच गटाचा माल घेणार नाही.

अशी चूक बहुतेकदा दळताना होत नाही, खरेदीत होते. ओलसर मिरची कितीही बारीक दळा, तिखटाला बुरशी धरणारच.

लिज्जत पापड आपल्याला माहीत आहे. १९५९ मध्ये मुंबईच्या गिरगावात ७ बायकांनी ८० रुपये उसने घेऊन तो सुरू केला. आज हजारो घरांत पापड लाटले जातात, तरी चव एकच. कारण कच्चा माल संस्था स्वतः घेते, पीठ केंद्रात मळून बहिणींना देते आणि लाटलेले पापड तपासूनच घेते. हीच शिस्त आपल्या गटालाही लावता येते.

१. एकाच दुकानावर राहू नका. दोन-तीन ठिकाणी विचारा, शेतकऱ्याकडेही जा. आपल्याच जिल्ह्यातल्या वायगावच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे.

२. आधी नमुना, मग ऑर्डर. वाळलेलं हळकुंड कट्‌कन मोडतं. वाळलेली मिरची हलवली की बिया खुळखुळतात. देठाजवळ काळी-पांढरी बुरशी दिसली तर घेऊ नका. हळद पावडर घ्यायची असेल तर ग्लासभर पाण्यात चमचाभर टाका, ढवळू नका. शुद्ध हळद तळाशी बसते, पाणी फिकं पिवळं राहतं. पाणी गडद पिवळं झालं तर भेसळीची शंका घ्या.

३. खरा भाव काढा. समजा, एकाकडे हळद १६० रुपये किलो आहे. १० किलोचे १६०० झाले, पण माती, काडी, ओल जाऊन पावडर मिळाली ८ किलो. म्हणजे किलोमागे २०० रुपये पडले. दुसऱ्याकडे भाव १८०, पण पावडर मिळाली साडेनऊ किलो. किलोमागे पडले सुमारे १९०. मग स्वस्त कोण?

४. वही ठेवा. कोणाकडून, कधी, किती घेतलं, घट किती आली, ते लिहा. तोच बॅच नंबर पाकिटावर टाका. तक्रार आली की माल कोणाचा ते लगेच सापडतं, आणि बाकीची पाकिटं वेळेत थांबवता येतात.

५. परतीचं आधीच बोला. “नमुन्यासारखा माल नसला तर परत करू,” हे पैसे देण्याआधी सांगा.

खरी अडचण वेगळीच असते. दुकानदार ओळखीचा, कधी नात्यातला. त्याला नाही कसं म्हणायचं? म्हणून हे ओझं एकट्या अध्यक्ष ताईंवर टाकू नका. तिघी मिळून माल तपासा, तिघींच्या सह्या वहीत घ्या. मग सांगता येतं, “भाऊ, हा गटाचा नियम आहे.”

पुढच्या बैठकीत हा विषय घ्या आणि त्या तिघींची नावं ठरवूनच उठा.