गल्ल्यावरचा काटा आणि खिशातला फोन

किराणा, धान्य किंवा सराफी, कोणतेही दुकान घ्या. गादीपासून हाताच्या अंतरावर वजनकाटा असतो. त्यात बिघाड झाला म्हणून कोणी लगेच नवा काटा घेत नाही. परवानाधारक दुरुस्तीकाराला निरोप जातो. तो काटा उघडतो, निकामी झालेला भाग बदलतो आणि फेरतपासणी होऊन मुद्रा लागली की काटा पुन्हा गिऱ्हाइकांच्या सेवेला हजर होतो. २००९ च्या वैध मापन शास्त्र अधिनियमात काटे बनविणारा, विकणारा आणि दुरुस्त करणारा अशा तिघांच्याही परवान्याची तरतूद आहे. म्हणजे दुरुस्ती हा स्वतंत्र आणि मान्य व्यवसाय आहे, हे कायद्यानेच स्वीकारले आहे.

हे सारे आठवण्याचे कारण गेल्या दिवाळीच्या तोंडावर घडले. आमच्या पेढीवरच्या सहा वर्षांच्या मोबाईलची बॅटरी फुगली आणि मागचे झाकण वर आले. उधारीच्या नोंदी, गावोगावच्या गिऱ्हाइकांच्या मागण्या, बिलांची छायाचित्रे, सारा व्यवहार त्या फोनमध्ये होता. कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्रात उत्तर मिळाले, ‘या मॉडेलची बॅटरी आता येत नाही. नवा फोन घ्या.’ आतल्या माहितीचे काय, असे विचारले तर, ‘त्याची जबाबदारी आमची नाही.’ शेवटी बाजारातल्या एका लहानशा टपरीवरच्या कारागिराने तासाभरात बॅटरी बदलून दिली. मात्र प्रामाणिकपणे म्हणाला, ‘शेठ, ही कंपनीची नाही. अस्सल माल आम्हाला मिळतच नाही, तर आणू कुठून?’ घरी आल्यावर वडिलांनी एकच प्रश्न विचारला, ‘काट्याचे पैसे मोजले, काटा आपला झाला. फोनचेही पैसे मोजले. मग तो पूर्णपणे आपला का नाही?’

या प्रश्नाचे उत्तर यंत्राच्या रचनेत आहे. पूर्वी फोनची बॅटरी नखाने काढता येई. आता ती गोंदाने चिकटविलेली असते, स्क्रूला विशिष्ट हत्यार लागते आणि अंतर्गत जोडणीचा आराखडा बाहेरच्या कारागिराला दिला जात नाही. काही कंपन्यांनी तर सुटा भाग आणि मुख्य पट्टिका यांची क्रमांकाने गाठ बांधली आहे. दुसऱ्या फोनचा अस्सल पडदा बसविला, तरी फोन सूचना दाखवितो किंवा एखादी सोय बंद पाडतो. अमेरिकेतील ओरेगॉन राज्याने २०२४ मध्ये कायदा करून अशा गाठीवर बंधन घातले, ते याच कारणाने.

आपल्या देशातही हा वाद नवा नाही. मोटारींचे सुटे भाग आणि तपासणीची साधने स्वतंत्र गॅरेजांना मिळू देत नाहीत, या कारणावरून भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये चौदा मोटार कंपन्यांना एकूण सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. प्रकरण पुढे अपिलात गेले. परंतु विकलेल्या वस्तूच्या दुरुस्तीवर विकणाऱ्याचीच मक्तेदारी असावी का, हा प्रश्न त्या निमित्ताने ऐरणीवर आला. जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. शेतीची अवजारे, मोबाईल व टॅब्लेट, घरगुती उपकरणे आणि वाहने ही चार क्षेत्रे तिने विचारात घेतली. त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, या विषयाचे सरकारी संकेतस्थळ सुरू झाले. वस्तू किती सहज दुरुस्त होते हे गुणांनी दाखविणाऱ्या निर्देशांकाचा अहवालही मे २०२५ मध्ये विभागाला सादर झाला आहे. फ्रान्समध्ये २०२१ पासून असे गुण काही उपकरणांवर छापावेच लागतात. युरोपीय संघात तर २० जून २०२५ पासून बाजारात येणाऱ्या मोबाईलचे महत्त्वाचे सुटे भाग, त्या मॉडेलची विक्री थांबल्यावरही सात वर्षे उपलब्ध ठेवणे बंधनकारक आहे.

कंपन्यांची बाजूही ऐकली पाहिजे. अकुशल हातात लिथियमची बॅटरी पेट घेऊ शकते आणि बनावट सुटे भाग ग्राहकाला फसवितात, असे त्या म्हणतात. यात तथ्य आहे. पण आमच्या कारागिराला अस्सल बॅटरी आणि माहितीपत्रक मिळाले असते, तर त्याला नकली मालाकडे वळावे लागले असते का? काट्याच्या बाबतीत चुकीच्या दुरुस्तीने गिऱ्हाइकाची फसवणूक होऊ शकते. म्हणून कायद्याने परवाना आणि फेरतपासणी ठेवली, दुरुस्तीच बंद केली नाही. तोच न्याय फोनला लावता येतो.

कायदा येईल तेव्हा येईल. तोवर वस्तू जपणे आपल्या हाती आहे. बॅटरीचा मोठा शत्रू उष्णता. काउंटरवर उन्हात किंवा मोटारीच्या काचेखाली फोन ठेवू नये, उशीखाली ठेवून चार्जिंग करू नये. बॅटरी सतत शंभर टक्के भरलेली ठेवल्यानेही तिचे आयुष्य घटते. बऱ्याच फोनमध्ये ऐंशी टक्क्यांवर थांबण्याची सोय असते, ती वापरावी. बॅटरी फुगली असेल तर दाबू नये, टोचू नये आणि पुन्हा चार्जिंगला लावू नये. पावसाळ्यात फोन भिजला तर आधी बंद करावा, पुसून हवेशीर जागी कोरडा होऊ द्यावा. तांदळाच्या डब्यात ठेवल्याने धूळ आणि पिष्ठाचे कण आत जातात. बिलाच्या संगणकाला अर्थिंग आणि यूपीएस असावा. वीज गेल्यावर बाकी उपकरणांचे प्लग काढून ठेवावेत, कारण वीज परत येताना दाब उसळू शकतो. आणि रोजमेळ लिहिण्याइतक्याच नियमाने हिशेबाची दुसरी प्रत वेगळ्या जागी ठेवावी. यंत्र दुरुस्त होते. हरवलेल्या नोंदी परत मिळतीलच असे नाही.

नवी वस्तू घेताना मात्र आपण मालाची पारख करतो तशीच पारख करावी. बॅटरी बदलण्याचा खर्च किती? सुटे भाग किती वर्षे मिळतील? सॉफ्टवेअरची अद्ययावतता कधीपर्यंत? बाहेर दुरुस्ती केल्यास हमीवर काय परिणाम होईल? उत्तरे शक्यतो लेखी घ्यावीत, पक्के बिल जपून ठेवावे आणि तक्रार ऐकली गेली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनच्या १९१५ या क्रमांकावर ती नोंदवावी. आपल्यापैकी जे इलेक्ट्रॉनिक्सचा व्यापार करतात, त्यांनी हेच प्रश्न कंपनीच्या प्रतिनिधीला विचारावेत. गिऱ्हाईक एकटे विचारते तेव्हा ते शंका ठरते. विक्रेता विचारतो तेव्हा ती बाजाराची मागणी होते.

आमचा तो फोन अजून गादीवर आहे. नव्या बॅटरीवर तो आणखी दोन वर्षे चालेल, असे कारागीर म्हणतो. वडिलांनी त्याचा खर्च वहीत काट्याच्या दुरुस्तीच्याच खात्यावर लिहिला. हिशेबनिसाने कारण विचारले, तेव्हा ते म्हणाले, ‘दोन्ही आपलीच अवजारे.’