रिमोटचं विमान घेतलंत? उडवण्याआधी हे ऐका

 

मागच्या महिन्यात एका श्रोत्यांनी विचारलं होतं, "मुलाला वाढदिवसाला रिमोटचं विमान घेतलंय. घरामागच्या पार्कमध्ये उडवलं तर चालेल ना?" प्रश्न एका ओळीचा आहे, पण उत्तराला आजचा सगळा वेळ लागणार. मी न्यू जर्सीतल्या एका क्लबात गेली आठ वर्षं ही विमानं बांधतोय, उडवतोय आणि अर्थातच पाडतोयसुद्धा. म्हणून हे काम माझ्याकडे आलं.

आधी थोडक्यात उत्तर देतो. पार्कमध्ये नको, क्लबात जा. आता का, ते सांगतो.

खोक्यावर लहान मुलाचं चित्र असलं तरी हे खेळणं नाही. एक किलोचं विमान ताशी पन्नास-साठ किलोमीटर वेगाने सहज जातं, आणि त्याच्या नाकावरचा प्रोपेलर मिनिटाला हजारो फेरे घेतो. बोट मध्ये आलं तर टाके पडतात. पार्कमध्ये बाबागाड्या असतात, कुत्री असतात, क्रिकेट चाललेलं असतं. तिथे विमान हातातून सुटलं की ते कोणाच्या अंगावर जाईल हे आपण ठरवू शकत नाही. शिवाय अनेक गावांनी आपल्या उद्यानांत अशा विमानांना बंदी घातलेली आहे.

दुसरी गोष्ट कायद्याची. अमेरिकेत आकाशाचे नियम एफएए, म्हणजे संघराज्याचं विमान वाहतूक खातं ठरवतं. कायद्याच्या दृष्टीने ड्रोन आणि तुमचं मॉडेल विमान एकाच रांगेत बसतात. केवळ हौसेखातर उडवणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवायचं:

एक, विमानाचं वजन २५० ग्रॅमपेक्षा जास्त असेल तर नोंदणी करावी लागते. पाच डॉलर भरले की तीन वर्षं चालते, आणि एकाच नोंदणीत तुमची सगळी विमानं येतात. मिळालेला क्रमांक विमानावर बाहेरून दिसेल असा लावायचा. मुलगा तेरा वर्षांखालचा असेल तर नोंदणी आईच्या किंवा बाबांच्या नावाने करा. आणि हो, तुम्ही व्हिसावर असाल तरी ही नोंदणी करता येते.

दोन, ट्रस्ट नावाची ऑनलाइन परीक्षा आहे. ती फुकट आहे. उत्तर चुकलं तर ते समजावून सांगतात आणि पुन्हा विचारतात, त्यामुळे घाबरण्यासारखं काही नाही. त्याचं प्रमाणपत्र जवळ ठेवायचं.

तीन, विमान कायम डोळ्यांना दिसलं पाहिजे. मोकळ्या हवाई हद्दीत ४०० फुटांच्या वर न्यायचं नाही. विमानतळाजवळच्या नियंत्रित हद्दीत आधी परवानगी घ्यायची. आमच्या न्यू जर्सीत तर कुठेही उभे राहा, एखादा विमानतळ जवळ असतोच!

चार, रिमोट आयडी. नोंदणी लागणाऱ्या विमानाने उडताना आपली ओळख आणि ठिकाण रेडिओवरून कळवत राहायचं असतं. मात्र एफएएने मान्य केलेल्या ठरावीक मैदानांवर ही अट नाही, आणि अनेक क्लबांच्या मैदानांना ती मान्यता मिळालेली आहे. क्लबात जाण्याचं हे एक चांगलं व्यावहारिक कारण.

हे क्लब बहुतेक अकॅडमी ऑफ मॉडेल एरोनॉटिक्स या राष्ट्रीय संस्थेशी जोडलेले असतात. ही संस्था १९३६ साली स्थापन झाली, आणि तिचं मुख्यालय इंडियाना राज्यातल्या मन्सी गावी आहे. तिच्या सदस्यत्वाबरोबर विमा येतो. आपल्या विमानामुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर तो उपयोगी पडतो. पण विम्यापेक्षा मोलाची असतात ती तिथली माणसं. निवृत्त इंजिनीअर, सुतार, शाळेतले शिक्षक असे लोक शनिवारी सकाळी खुर्च्या टाकून बसलेले असतात, आणि नवखा माणूस आला की हातातला कॉफीचा कप खाली ठेवून उठतात.

ते शिकवतात कसं, तर दोन ट्रान्समीटर जोडून. एक तुमच्या हातात, एक शिक्षकाच्या. तुमचं विमान भरकटलं की शिक्षक एक बटण सोडतो आणि ताबा त्याच्याकडे जातो. गाडी शिकवणाऱ्याच्या पायाखाली जादा ब्रेक असतो ना, तसंच. त्यामुळे पहिल्याच दिवशी विमानाचे तुकडे पिशवीत भरून घरी यायची वेळ येत नाही.

पहिलं विमान कोणतं घ्यावं? दिसायला सुंदर लढाऊ विमान नको. फोमचं, बॅटरीवर चालणारं, धडाच्या वर पंख असलेलं ट्रेनर घ्या. त्याचे पंख टोकांकडे किंचित वर उचललेले असतात. विमान एका बाजूला कललं की खाली गेलेल्या पंखाला जास्त उचल मिळते आणि ते आपोआप सरळ व्हायला बघतं. शिवाय ते हळू उडतं, म्हणजे तुम्हाला विचार करायला वेळ मिळतो. फोम तुटला तर गोंदाने चिकटतो. बाल्सा लाकडाच्या फासळ्या कापून, त्यावर पातळ आवरण ताणून विमान बांधण्याची मजा वेगळीच, पण ती दुसऱ्या वर्षासाठी राखून ठेवा.

बांधून झालं की तोल बघायचा. संक्रांतीला पतंगाला कण्णी बांधल्यावर आपण तो हवेत धरून झुकतो कुठे ते बघायचो, आठवतंय? इथेही तेच. दोन्ही पंखांखाली एकेक बोट लावून विमान उचलायचं. सर्वसाधारण ट्रेनर पंखाच्या पुढच्या कडेपासून पाव ते एक तृतीयांश रुंदीवर तोललं गेलं पाहिजे. नेमकी जागा माहितीपुस्तकात दिलेली असते. शेपूट जड राहिली तर विमान सांभाळणं नवशिक्याला जमत नाही. अशा वेळी बॅटरी थोडी पुढे सरकवायची.

आता माझी एक चूक सांगतो, कारण ती ऐकून तुमची टळेल.

तिसऱ्या वर्षी माझ्याकडे दोन विमानं होती आणि ट्रान्समीटर एकच. आजकालच्या ट्रान्समीटरमध्ये प्रत्येक विमानाची मांडणी वेगळी साठवता येते. त्या दिवशी मी गडबडीत दुसऱ्याच विमानाची मांडणी निवडली. त्यात एलेरॉन, म्हणजे पंखांच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्या, उलट दिशेने चालत होत्या. रडर आणि एलेव्हेटर हलताना दिसले, तेवढं बघून मी विमान सोडलं. ते उचललं आणि डावीकडे झुकलं. मी स्टिक उजवीकडे केली, तर ते आणखी डावीकडे झुकलं. मी घाबरून आणखी उजवीकडे दाबली. तीन-चार सेकंदांत सगळं संपलं. डाव्या बाजूला मंडळी बसली होती. मित्राची सात वर्षांची मुलगी तिथे घडीच्या खुर्चीत संत्रं सोलत होती. विमान तिच्यापासून दोन हातांवर जमिनीत घुसलं.

तिला खरचटलंसुद्धा नाही. पण मी घरी आलो तेव्हा माझे हात थरथरत होते. त्या मित्राने मला एका शब्दाने बोल लावला नाही, आणि तेच जास्त लागलं.

तेव्हापासून प्रत्येक उड्डाणाआधी, अगदी दिवसातल्या दहाव्या उड्डाणाआधीसुद्धा, मी विमानाच्या मागे उभा राहतो आणि तोंडाने मोठ्याने म्हणत तपासतो. स्टिक उजवीकडे: उजवी पट्टी वर, डावी खाली. स्टिक आपल्याकडे ओढली: शेपटीची आडवी पट्टी वर. रडर उजवीकडे: शेपटीची उभी पट्टी उजवीकडे. नुसतं "हलतंय" एवढं पुरत नाही, बरोबर दिशेला हलतंय का ते बघायचं. याला वीस सेकंद लागतात. तुमच्या मुलांना बाकी काही शिकवलं नाहीत तरी हे वीस सेकंद शिकवा. आणि बघायला आलेल्यांना मैदानाच्या जाळीमागेच बसवा.

उडवतानाच्या दोन-तीन युक्त्या. उड्डाण आणि उतरणं नेहमी वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने करायचं, म्हणजे जमिनीच्या मानाने वेग कमी राहतो. विमान तुमच्याकडे येत असताना डावं-उजवं उलटं होतं आणि भल्याभल्यांचा गोंधळ उडतो. तेव्हा जो पंख खाली झुकलेला दिसेल, त्याच बाजूला स्टिक ढकला. सरळ होईल. सुरुवातीला भरपूर उंचीवर शिका, चूक सुधारायला जागा मिळते. आणि हिवाळ्यात, बाहेर बर्फ असताना, संगणकावरच्या सिम्युलेटरवर सराव करा. तिथे विमान पडलं तर एक बटण दाबलं की पुन्हा नवं.

शेवटचं, बॅटरी. लिथियम पॉलिमर बॅटरीचा एक सेल पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्ट दाखवतो. तो ३ व्होल्टच्या खाली गेला तर खराब होतो, म्हणून ट्रान्समीटरवर वेळ लावून ठेवा आणि बॅटरी संपायच्या आधीच उतरा. काही दिवस उडवणार नसाल तर सेल साधारण ३.८ व्होल्टवर ठेवा. चार्जिंगला लावून झोपू नका, बाहेर जाऊ नका. फुगलेली बॅटरी पेट घेऊ शकते. ती वापरू नका आणि घरच्या कचऱ्यातही टाकू नका, बॅटरी गोळा करणाऱ्या केंद्रात द्या.

तर, प्रश्न विचारणाऱ्या श्रोत्यांना सांगणं असं: विमान छान घेतलंत. ते खोक्यासकट गाडीत टाका, मुलाला घेऊन शनिवारी सकाळी जवळच्या क्लबात जा, आणि म्हणा, "आम्ही नवीन आहोत." पुढचं तेच बघतील. उन्हाळ्यात भारतातून आजी-आजोबा आले असतील तर त्यांनाही न्या. माझे बाबा साताऱ्याहून आले तेव्हा मॉलमध्ये दहा मिनिटांत कंटाळायचे, मैदानावर मात्र दुपारच्या जेवणाची आठवण मला करून द्यावी लागायची.

तुमचे प्रश्न नेहमीप्रमाणे कळवा. पुढच्या रविवारी भेटू. नमस्कार!