जादा मूळ सापडलं की...

गेल्या लेखावर एका शिक्षिकेचं पत्र आलं आहे आणि त्यातला प्रश्न ओलांडून पुढे जाववत नाही. त्या विचारतात, ‘द्विघाती बहुपदीला जास्तीत जास्त दोन मुळं, असं आम्ही शिकवतो. ८ च्या वलयात, म्हणजे प्रत्येक संख्येला ८ ने भागून फक्त बाकी ठेवली की, क्ष² − १ ला १, ३, ५, ७ अशी चार मुळं निघाली. मग आमच्या सिद्धतेतली कुठली पायरी निखळली?’

क्ष² − १ = (क्ष − १)(क्ष + १) हे तर ८ च्या वलयातही बिनचूक आहे. क्ष च्या जागी ३ घाला. २ गुणिले ४ म्हणजे ८, म्हणजेच शून्य. दोन्ही अवयव शून्य नाहीत, गुणाकार मात्र शून्य! ‘गुणाकार शून्य असेल तर एक तरी अवयव शून्य’ हे वाक्य फळ्यावर लिहिताना आपण थांबतही नाही. क्षेत्रात ते खरं असतं, कारण तिथं शून्य सोडून प्रत्येकाला व्यस्त असतो आणि त्यानं गुणून अवयव हटवता येतो. ८ च्या वलयात २ ला आणि ४ ला व्यस्तच नाही. पायरी निखळली ती इथं.

६ च्या वलयात तर कमाल होते. (३क्ष + ४)(४क्ष + ३) हा गुणाकार करून बघा. १२क्ष² + २५क्ष + १२ येतो. प्रत्येक सहगुणकाला ६ ने भागून बाकी ठेवली की उरतो नुसता क्ष. ज्याचे अवयव पडतील अशी शंकाही कुणाला येणार नाही, त्या क्ष चेच अवयव पडले.

विद्यार्थी अशा वलयांना वैतागतात. मला मात्र ही जादा मुळं फार मोलाची वाटतात, कारण ती वलयाच्या संख्येचं गुपित फोडतात. ९१ घ्या. क्ष² − १ ला तिथं १ आणि ९० ही मुळं असणारच. पण २७ चा वर्ग ७२९, म्हणजे ८ × ९१ + १. हे जादा मूळ झालं. आता २७ च्या शेजारचे २६ आणि २८ घ्या. त्यांच्या गुणाकाराला ९१ नं भाग जातो, पण त्या दोघांपैकी एकालाही जात नाही. तेव्हा ९१ चे अवयव दोघांत वाटले गेले असले पाहिजेत. २६ आणि ९१ यांचा मसावि १३, २८ आणि ९१ यांचा ७. ९१ फुटली!

रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी १९७७ साली आव्हान म्हणून दिलेली १२९ अंकी संख्या १९९४ मध्ये फुटली, ती कार्ल पॉमरन्स यांच्या ‘क्वाड्रॅटिक सीव्ह’ पद्धतीनं. तिथंही शोध असतो वर्गांच्या बाक्या सारख्या येणाऱ्या दोन संख्यांचा. त्याच वर्षी पीटर शोर यांनी क्वांटम संगणकासाठी मांडलेली रीतही शेवटी १ चं असं जादा वर्गमूळच शोधते.

विषम संख्येला दोन वेगळे मूळ अवयव असतील, तर क्ष² − १ ला किमान चार मुळं मिळतातच. बाईंनी वर्गात ७७ द्यावी आणि मुलांना जादा मूळ शोधायला सांगावं. एक मूळ तीस ते चाळीसच्या दरम्यान आहे.