सात जागांचे राज्य

प्रशांत महासागरात नौरू नावाचे एक बेट आहे. त्याचे क्षेत्रफळ अवघे 21 चौरस किलोमीटर. परंतु 1968 साली स्वतंत्र झाल्यापासून त्याला स्वतःचा राष्ट्राध्यक्ष आहे, संसद आहे, आणि संयुक्त राष्ट्रसंघात आज मोठमोठ्या राष्ट्रांच्या बरोबरीने एक मतही आहे. आमच्या नगर तालुक्यातील हिवरे बाजारचे शिवार सुमारे 977 हेक्टर, म्हणजे त्या राष्ट्राच्या निम्म्याहूनही थोडे कमीच. त्याला नाणे नाही, निशाण नाही, आहे ती सात सदस्यांची ग्रामपंचायत. तरीही 1989 पासून या गावाच्या कारभारात ज्यांचा शब्द चालत आला त्या पोपटराव पवारांच्या कारकिर्दीकडे मागे वळून पाहताना मला ते दूरचे बेट आठवते. कारण परकीयांनी आणि मागाहून स्वकीयांनीही तेथील फॉस्फेट खणून विकले, काही वर्षे ते राष्ट्र जगातील अतिधनिकांत मिरवले, आणि साठा सरल्यावर त्याच्या वाट्याला ओसाड खडक तेवढा उरला. हिवरे बाजारच्या पोटात विकण्याजोगे काही नव्हते. होते ते पाणी, आणि तेही बेताचे.

पर्जन्यछायेतला हा मुलूख. पाऊस सरासरीने चारशे मिलिमीटरच्या आसपास, आणि तोही लहरी. एके काळी पहिलवानांसाठी नावाजलेले हे गाव 1972 च्या दुष्काळाने जे खचले ते पुढे दीड-दोन दशके सावरले नाही. डोंगर बोडके झाले, तरणी माणसे मजुरीसाठी परागंदा झाली, हातभट्ट्या पेटल्या, आणि सरकारी नोकराची येथे झालेली बदली ही शिक्षा समजली जाऊ लागली. अशा गावात एम.कॉम. झालेला एकच तरुण होता, आणि त्याचे मन क्रिकेटमध्ये गुंतलेले होते. मुलाने चांगल्या नोकरीला लागावे ही घरच्यांची रास्त अपेक्षा. पण गावच्या तरुणांनी आग्रह धरला आणि 1989 साली पोपटराव बिनविरोध सरपंच झाले.

त्यानंतरच्या वर्षांचा इतिहास पुष्कळदा सांगून झाला आहे, म्हणून तो मी थोडक्यात आटोपतो. श्रमदान, नशाबंदी, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी आणि कुटुंबनियोजन ही पंचसूत्री गावाने स्वीकारली. 1994 पासून आदर्श गाव योजनेचे साहाय्य लाभले. डोंगर-उतारावर समतल चर खणले गेले. हा चर जवळून पाहिला तर फारच साधी वस्तू आहे. उताराला आडवी, सर्वत्र एकाच पातळीवर राहणारी एक अरुंद नाली, आणि तिची खणलेली माती खालच्या कडेला बांधासारखी रचलेली. धावत येणारे पाणी तेथे अडते, थबकते आणि मुरते. जनावरे डोंगरावर मोकळी सोडायची नाहीत, गवत विळ्याने कापून डोक्यावरून घरी न्यायचे, एवढ्या एका शिरस्त्याने गवत वाढले आणि गवतामागून दूध वाढले. दिवसाला दीडशे लिटरच्या आसपास असलेले दूध कालांतराने चार हजारांच्या घरात गेले. विहिरी नव्वदांवरून 294 झाल्या. 1995 साली 168 कुटुंबे दारिद्र्यरेषेखाली होती. दीड दशकाने ती बोटांवर मोजण्याइतकी राहिली.

परंतु माझ्या मते पोपटरावांचे खरे राजकारण चर खणण्यात नाही; पाणी आल्यावर त्यांनी गावाला जे नाकारावयास लावले त्यात आहे. हा जिल्हा उसाचा. आशियातील पहिला सहकारी साखर कारखाना प्रवरेच्या काठी, लोणीला, उभा राहिला, आणि तेव्हापासून कारखाना, बँक, शिक्षणसंस्था आणि मग आमदारकी ही येथील पुढाऱ्याची राजरोस वहिवाट झाली. त्या जिल्ह्यात, विहिरींना पाणी आलेले असताना, ऊस लावायचा नाही, केळी लावायची नाहीत, शेतीसाठी कूपनलिका घ्यायची नाही आणि बाहेरच्याला जमीन विकायची नाही असे गावाकडून वदवून घेणे, आणि ते वर्षानुवर्षे पाळवून घेणे, ही गोष्ट एखाद्या मंत्र्यालाही पेलणारी नव्हती. 2004 पासून भूजल सर्वेक्षणाच्या साहाय्याने पाण्याचा ताळेबंद मांडला जाऊ लागला. पाऊस मापकात मोजायचा, ठरावीक विहिरींत दोर सोडून पातळी पाहायची, आणि पावसाळा सरल्यावर ग्रामसभेत जमाखर्च वाचून दाखवायचा: आधी माणसांचे पिणे, मग गुरांचे, आणि उरेल त्यात रब्बी. पाऊस तुटपुंजा तर पेरा कमी. पूर्वी आणेवारी लावताना सरकार रयतेच्या पिकाचा अंदाज करी. येथे रयत स्वतःच आपल्या पाण्याचा करू लागली.

या कारकिर्दीतले सारेच मला पटते असे नाही. विवाहापूर्वी एचआयव्हीची तपासणी सक्तीची करण्याचा ठराव सद्हेतूने झाला असला, तरी माणसाच्या शरीराचा लेखाजोखा चावडीने मागावा काय, हा प्रश्न राहतोच. सुमारे तीन दशके निवडणूकच न होणे याचे कौतुक वर्तमानपत्रांनी पुष्कळ केले. मला मात्र त्यात एक अडचण दिसे. सरपंचपद आरक्षणाच्या फेऱ्याने इतरांकडे गेले तेव्हा उपसरपंच राहूनही पोपटरावांचाच शब्द चाले. तो प्रेमाने चालतो की संकोचाने, हे मोजण्याचे मापक गावात नव्हते. पाऊस मोजणाऱ्या गावाने संमती मोजली नव्हती. 2020 साली पद्मश्री जाहीर झाली. आदर्श गाव समितीचे कार्याध्यक्षपद होतेच. राज्याच्या मंत्रालयापर्यंत त्यांच्या शब्दाला वजन आले होते. अशा वेळी गावातल्याच काही जणांनी विरोधात अर्ज भरले, याला कोणी कृतघ्नता म्हणाले. मी म्हणणार नाही.

15 जानेवारी 2021 रोजी मतदान झाले आणि 18 तारखेस मोजणी झाली. सातही जागा पोपटरावांच्या बाजूस गेल्या.